साडेसातशे वॅटचा एसएमपीएस कायले पाहिजे बावा?

कपाशीचं_बोंड
काल इथंच एका भाऊंनी ठणकावून लिहिलं: "खेड्यात व्होल्टेजचा भरवसा नाही, म्हणून डोळे मिटून ७५० वॅटचाच एसएमपीएस घ्या. कमीचा घेणारा पैसे वाचवत नाही, मशीन जाळतो." (एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या आतल्या पार्टांना पुरवणारा डबा.) खाली लोकांनी अंगठेही दिले. तिथंच उत्तर लिहायला बसलो, ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढतो आहे.

पोरासाठी मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, बांधतोय. आय५ १२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर पुरता ताणला तर ११७ वॅट खातो, कार्ड १७०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे हात सैल सोडून ५० धरा. झाले ३३७. कार्डवाली एनव्हिडिया स्वतः ५५० चा लावा म्हणते, आणि हिशेब पाहता त्यात भरपूर ढील आहे. मग वरचे २०० वॅट कोणासाठी, पाहुण्यांसाठी?

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. व्होल्टेज आणि वॅटचा संबंध काय? एसएमपीएस आतल्या पार्टांना किती देऊ शकतो, ते वॅट. भिंतीतून १६० येतात की २६०, हा वेगळा विषय. मोठी टाकी बांधली म्हणून नळाला पाणी येत नाही राजेहो.

सेतूवाला_दारव्हा
ते भाऊ म्हणजे मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. माझं दुकान पत्र्याखाली आहे. मे महिन्यात बाहेर ४५, आत किती ते विचारू नका. चार मशीन. ४५० वॅट लिहिलेले तीन एसएमपीएस एका वर्षात गेले. एक तर अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, बाहेर पोरांची रांग लागलेली असताना. मग चिडून ७५० चे बसवले. दोन उन्हाळे निघाले, एकही गेला नाही. आता मला टाकी-नळ शिकवा.

कपाशीचं_बोंड
जळालेला एखादा घरात पडून असेल. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत तेवढं सांगा.

सेतूवाला_दारव्हा
थांबा, माळ्यावर आहे.

१६.

कपाशीचं_बोंड
१६ गुणिले १२, म्हणजे १९२. आजच्या मशीनचं जवळजवळ सगळं खाणं १२ व्होल्टवरच असतं. तुम्ही ४५० चा घेतलाच नव्हता भाऊ, ४५० चं स्टिकर घेतलं होतं. नवा टिकला तो साडेसातशेचा आहे म्हणून नाही, खरा आहे म्हणून. खरा ४५० चा घेतला असता तरी तुमचे सेतूचे फॉर्म आयुष्यभर भरून झाले असते.

सेतूवाला_दारव्हा
बरं. स्टिकरचं मान्य, तेवढंच. पण गरमीचं काय? उन्हाळ्यात वॅट उतरतात की नाही?

कपाशीचं_बोंड
उतरतात. २५ डिग्रीवर मोजलेला ५०० आणि ५० डिग्रीवर मोजलेला ५०० एक नव्हे. म्हणून तर ३३७ वर ५५० म्हणतोय, ३५० नाही. एवढं मलाही कळतं.

बिलाची_भीती
मधेच विचारतो. ७५० चा लावला तर बिल जास्त येईल ना?

कपाशीचं_बोंड
नाही. मशीन जेवढं मागेल तेवढंच भिंतीतून ओढलं जातं, वरून थोडी घट. फक्त ४०-५० वॅटच्या कामाला ७५० चा लावला तर त्या घटीचं प्रमाण वाढतं. ८० प्लसचं, म्हणजे घट किती कमी त्याच्या शिक्क्याचं, मोजमापही बहुतेक २० टक्के लोडपासून वरचंच असतं. पण त्यानं घर बसणार नाही.

लग्नाचे_व्हिडिओ
अनुभव सांगतो, हसू नका. जुन्या एसएमपीएसच्या पाठीमागं लाल बटण असायचं, ११५ आणि २३०. माझ्या पहिल्या मशीनला होतं. संध्याकाळी लाइट पिवळे पडायचे, मशीन एडिटिंगच्या मधेच रिस्टार्ट मारायची. एकदा मीटर लावला तर १५०. मी म्हटलं, १५० हे ११५ ला जवळ की २३० ला? बटण सरकवलं. मशीन मस्त चालली! मला वाटलं आपण इंजिनिअर झालो. रेंडर लावून झोपलो.

रात्री गावातली कामं आटोपली, व्होल्टेज चढलं, आणि दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज. आई उठून आली ते "सिलेंडर, सिलेंडर" म्हणतच. खोलीभर धूर आणि कागदाच्या चिंध्या. ११५ वर बटण असलं की आत व्होल्टेज दुप्पट होतं, हे नंतर नागपूरच्या मेकॅनिकनं सांगितलं. नवरदेवाच्या बापाला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

आता १००-२४० लिहिलेला घेतो, बटणच नसलेला. १६० वरही गुपचूप चालतो. वॅट ५५०.

सेतूवाला_दारव्हा
म्हणजे मूळ रोग व्होल्टेजच. आणि ते पाडतं कोण हे कोणी बोलत नाही. आमचं गाव आणि वावरं एकाच लाइनवर. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा मोटरी, सगळ्या ऑटोवर. लाइन आली की पंधराही एकदम उठतात. ५ एचपीची मोटर उठताना चालू करंटच्या सहापट ओढते. कपॅसिटर एकानंही लावलेला नाही. आणि मग मी एसएमपीएस बदलत बसतो.

रातपाळीचा_शेतकरी
हाव बावा, आमच्याच मोटरी दिसल्या तुले. ऑटो काहून ठेवतो मालूम हाय का? थ्री फेज एक हप्ता दिवसा, एक हप्ता रातचे. हरभऱ्याले ओलित करा लागते त रातच्या बारा वाजता बॅटरी घेऊन वावरात जा. थंडीत ओल्या हातानं स्प्रिंकलरचे पाइप बदलवा. डुकरं हायेत, साप हायेत, आमच्या पट्ट्यात त वाघ हाय. अन् लाइन बारा वाजता येईन म्हणते अन् येते दोनले. ऑटो काढला त मले तिथंच बसून रा लागन. तू पंख्याखाली बसून म्हणतो मोटरी काहून उठल्या! तुह्या दुकानात सातबारा काढाले आलो त तू काय म्हणतो? "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या." तो सर्व्हरही मायाच मोटरीनं पाडला का बे?

सेतूवाला_दारव्हा
सर्व्हर माझ्या हातात नाही, काका. आणि मी पंख्याखाली नसतो, पंखाही त्याच १६० वर फिरतो.

पुण्यात_पण_वाशीमचा
एवढा वाद कशाला? सरळ एक यूपीएस घ्या, विषय संपला.

लग्नाचे_व्हिडिओ
आले. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. त्यावर ३३७ वॅटची मशीन आणि वरून मॉनिटर ठेवा, लाइन जाऊ द्या, मग यूपीएस कसा ओरडून मरतो ते ऐका. शिवाय स्वस्तातल्याची वेव्ह चौकोनी असते, काही नव्या एसएमपीएसला ती चालत नाही, बॅटरीवर जाताच मशीन बंद. आणि आमच्याकडं लाइन पाच मिनिटं जात नसते साहेब.

रातपाळीचा_शेतकरी
पुण्यावाल्यानं बोलूच नये. चंद्रपूरले २९२० मेगावॅटचं केंद्र, कोराडी हाय, खापरखेडा हाय. कोळसा आमचा, राख आमच्या अंगावर, अन् लाइन?

पुण्यात_पण_वाशीमचा
माझ्या वडिलांचीही वाशीमला मोटर आहे, काका. तीसुद्धा ऑटोवर आहे.

रातपाळीचा_शेतकरी
मंग चांगला माणूस हाय तुहा बाप. तू यूपीएस सांगू नको.

कपाशीचं_बोंड
धागा एसएमपीएसच्या वॅटचा होता. होता म्हणतोय.

तरी बोलतो, कारण माझ्याही वावरात मोटर आहे. काकांचं रातपाळीचं खरं आहे. सेतूवाल्यांचं कपॅसिटरचंही खरं आहे. मोटर चालू असताना जो फुकटचा करंट लाइनवरून वाहतो, तो कपॅसिटरनं कमी होतो, आणि शेवटच्या खांबावर व्होल्टेज थोडं सुधारतं. वाघाचा आणि कपॅसिटरचा काही वाद नाही.

रातपाळीचा_शेतकरी
वायरमननं सांगतलं होतं मले. लावतो. पन सेतूवाल्यानं म्हटलं म्हणून नाई लावून रायलो, मोटर दोनदा भरून आणली म्हणून लावून रायलो. अन् ऑटो निघणार नाई.

सेतूवाला_दारव्हा
उपकार झाले. एवढ्यावर सातबारा पहिल्या नंबरनं काढून देतो. सर्व्हर असला तर.

लग्नाचे_व्हिडिओ
कोणत्याही वॅटचा घ्या, पण मागच्या जाळीतून पाल आत जाणार नाही एवढं पहा. आमचा दुसरा एसएमपीएस पालीनं घेतला. दोघंही गेले.

कपाशीचं_बोंड
काल रात्री मल्टिमीटर घेऊन बसलो. सायंकाळी सातला १७२, रात्री दोनला २५८. घरची म्हणे, पोराच्या बारशालाही एवढे जागले नव्हते. ५५० चाच मागवला, १२ व्होल्टवर ४५ अँपियर लिहिलेला, १००-२४० वाला. १७२ ची काळजी नाही. २५८ ची आहे.

सेतूवाला_दारव्हा
मग स्टॅबिलायझर लावा. तोही हिशेबानंच घ्याल ना? ३३७ वॅट, म्हणजे ५०० व्हीएचा पुरे.

कपाशीचं_बोंड
नाही, व्होल्टेज पडलं की त्याला तेवढ्याच वॅटसाठी जास्त करंट ओढावा लागतो, आणि वरून मॉनिटर आहे, म्हणून जरा मोठा सांगितलाय.

सेतूवाला_दारव्हा
किती मोठा?

कपाशीचं_बोंड
२ केव्हीए. हसू नका.

सेतूवाला_दारव्हा
हसत नाही. स्क्रीनशॉट काढतोय.