मदत हवी आहे: डिस्ने वर्ल्डच्या जुन्या मिनी व्हॅनचं पुढे काय होतं?

नमस्कार मंडळी. फ्लोरिडात राहणाऱ्यांना खास विचारतोय.

२०१७ च्या जुलैअखेरीस वॉल्ट डिस्ने वर्ल्डने लिफ्ट (Lyft) या टॅक्सी-अ‍ॅप कंपनीसोबत मिनी व्हॅन (Minnie Van) नावाच्या टॅक्सी सुरू केल्या होत्या, आठवतात? शेवरोले ट्रॅव्हर्स गाड्या, लालभडक, अंगावर पांढरे ठिपके, अगदी मिनी माउसच्या फ्रॉकसारख्या. ड्रायव्हर डिस्नेचेच कर्मचारी, लहान मुलांच्या सीट आधीच बसवलेल्या. सुरुवातीला रिसॉर्टच्या आवारात कुठेही जा, २० डॉलर. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंद झाले आणि ही सेवाही थांबली. २०२२ मध्ये ती परत आली.

आई-बाबा २०१९ मध्ये साताऱ्याहून आले होते. दिवसभर चालून आईचे गुडघे धरले होते. त्या गाडीत बसल्यावर तिचा चेहरा जो खुलला, तो मी विसरलेलो नाही. आई आता नाही. तिचा त्या गाडीच्या दारापाशी उभा असलेला फोटो घरात लावलाय.

आता मला जुनी ट्रॅव्हर्स घ्यायचीच आहे, तर त्या ताफ्यातलीच मिळाली तर फार बरं वाटेल. म्हणून विचारतो: कोविडच्या आधीच्या त्या गाड्या लिलावात गेल्या की डीलरकडे? कुणी विकत घेतलीय का, निदान पाहिलीय का? १७ अक्षरी व्हीआयएन नंबरवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) काढलेल्या अहवालात गाडी आधी कंपनीच्या ताफ्यात होती एवढं कळू शकतं, पण ती डिस्नेचीच होती हे कशावरून ओळखायचं? ठिपके काढल्यावर रंगावर खुणा राहतात का? ऑरलँडोकडे गाड्यांच्या व्यवसायात कुणी असेल तर कृपया नक्की कळवा.