मदत हवी आहे: ट्रॅम्प जहाजांचं वेळापत्रक, वेग मॉडेलमध्ये घेतला की सॉल्व्हर अडकतो

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर प्रबंधासाठी ट्रॅम्प जहाजांच्या वेळापत्रकावर काम करतोय. लायनर नव्हे, ती ठरलेल्या मार्गावर बससारखी फिरतात. इथे टॅक्सीचा हिशोब, माल असेल तिकडे जहाज.

11 जहाजं, 38 कार्गो, साधारण 60 दिवसांचं नियोजन. 20 कार्गो कराराचे, ते उचलायलाच हवेत. बाकीचे स्पॉट, फायदा दिसला तर घ्यायचे. एका वेळी जहाजात एकच कार्गो. प्रत्येक कार्गोला लेकॅन (जहाजाने माल चढवायला पोहोचायची ठरलेली मुदत) आहे, जहाजं एकसारखी नाहीत, आणि सुरुवातीला कुणी बंदरात तर कुणी भर समुद्रात. सगळे डेपोतून निघतात आणि डेपोतच परततात, हे ट्रकच्या निबंधांतलं गृहीतक इथे चालत नाही हे कळायलाच मला दोन महिने लागले. असो.

आर्कवर (एका कार्गोवरून दुसऱ्याकडे जाण्याच्या टप्प्यावर) आधारित मिश्र पूर्णांक मॉडेल लिहिलं, म्हणजे काही चलं फक्त पूर्णांक. वेग 14 नॉट्सला स्थिर ठेवला तर अर्ध्या तासात उत्तर येतं. मार्गदर्शक म्हणाले, वेगच बदलू दिला नाही तर इंधनाचा हिशोब खोटाच. म्हणून अंतर गुणिले वेगाचा घन असं पद घातलं आणि तुकड्यातुकड्यांनी रेषीय केलं. आता रात्रभर चालवूनही गॅप (सापडलेलं उत्तर आणि इष्टतमाची सिद्ध मर्यादा यांतलं अंतर) 9 टक्क्यांखाली उतरत नाही.

डँत्झिग-फुल्करसन यांचा टँकरांवरचा 1954 चा निबंध वाचला, क्रिस्टियान्सेन, फागरहोल्ट, नीग्रेन आणि रोनेन यांचा 2013 चा आढावाही. पद्धती ढीगभर आहेत, पण माझ्या आकाराच्या प्रश्नाला कोणती घ्यावी? आणि निकाल पडताळायला लायनर-लिब हा तयार चाचणी-उदाहरणांचा संच वापरता येईल का?

प्रतिसाद १

सरळ अडॅप्टिव्ह लार्ज नेबरहूड सर्च (उत्तराचा काही भाग मोडून पुन्हा बांधत सुधारत जाणं) लिहा. दोन मिनिटांत चांगलं उत्तर मिळेल.

प्रतिसाद २

मिळेल, पण ते इष्टतमापासून किती दूर आहे हे परीक्षकांना काय सांगणार? एवढ्या लहान प्रश्नाला ह्युरिस्टिकची, म्हणजे इष्टतमाची हमी नसलेल्या झटपट पद्धतीची, घाई नको.

आधी एक चूक. घनाचा नियम दर दिवसाच्या इंधनाला आहे, तोही अंदाजे. अंतर ठरलेलं असेल तर वेग वाढला की दिवस कमी होतात, म्हणून दर मैलाचं इंधन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. 14 वरून 12 नॉट्सवर आलात तर त्या टप्प्यावर साधारण 27 टक्के बचत. तुमचं मॉडेल 37 दाखवत असणार. म्हणजे जहाजं उगाच रेंगाळतायत.

आता मुख्य मुद्दा. एक जहाज 60 दिवसांत किती कार्गो उचलू शकतं ते मोजा. चार-पाच असतील तर प्रत्येक जहाजाचे सगळे शक्य क्रम आधीच तयार करा. लेकॅनमुळे बहुतेक क्रम आपोआप गळतात. प्रत्येक क्रम म्हणजे एक स्तंभ. मग सेट पार्टिशनिंग: कराराचा कार्गो नेमका एकदा, स्पॉट जास्तीत जास्त एकदा, प्रत्येक जहाजाला एक स्तंभ. वेळेच्या बंधनांतले बिग-एम (बंधन चालू-बंद करायला घातलेले मोठे स्थिरांक) इथे उरतच नाहीत, तुमचा गॅप बहुधा त्यांनीच अडवून धरलाय. क्रम आवाक्याबाहेर गेले तरच कॉलम जनरेशन, म्हणजे स्तंभ गरजेपुरतेच तयार करत जाणं.

वेग मुख्य मॉडेलमध्ये नकोच. क्रम ठरला की लेकॅनमधल्या पोहोचण्याच्या वेळांचे ठरावीक अंतराने बिंदू पाडा आणि त्यांतून सगळ्यात कमी इंधनाचा (लघुतम) मार्ग काढा. फागरहोल्ट, लापोर्त आणि नॉर्स्टॅड यांच्या 2010 च्या निबंधात हेच आहे. बॅलास्टच्या (माल नसलेल्या) टप्प्याला इंधनाचा वक्र वेगळा घ्या, रिकामं जहाज कमी पितं.

लायनर-लिब कंटेनर लायनरचं जाळं आखण्यासाठी आहे. तुमच्या कामाचं नाही.

धागाकर्ता

घनाची चूक मान्य, कपाळावर हात मारून घेतला! मोजलं, सगळ्यात व्यस्त जहाजालाही 5 च कार्गो बसतात. आज रात्री सगळे क्रम काढतो.

एक शंका उरली. दोन जहाजं एकाच दिवशी एकाच धक्क्याला लागणार असतील तर स्तंभ एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत ना? दर धक्का, दर दिवस एक बंधन जोडलं तर पुरेल?