शहर की गाव? रोमन कवितांत सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात ‘शहर आणि गाव’ हा विषय मी मांडणार आहे. इसापनीतीतले दोन उंदीर लहानपणापासून ओळखीचे. तीच गोष्ट होरेसने कवितेत सांगितली आहे असं कळलं आणि रोमन कवी वाचावेसे वाटले. लॅटिन येत नाही, इंग्रजी भाषांतरं चालतील. हाती दीड तास आहे, म्हणजे तीन-चार कविताच. नुसती हिरवळ आणि शांतता नको. काय वाचू?

प्रतिसाद 1
उंदरांपासूनच सुरुवात करा. होरेसच्या ‘सटायर्स’ (उपहासात्मक कविता), दुसरं पुस्तक, सहावी कविता, इ.स.पूर्व 30 च्या सुमाराची. सुरुवातीला होरेस आपल्या रोमजवळच्या सॅबाइन डोंगरातल्या मळ्याबद्दल बोलतो: बेताची जमीन, घराजवळ बारमाही झरा, वर थोडं रान. उंदरांची गोष्ट शेवटी येते, तीही शेजाऱ्याच्या तोंडून, जेवणाच्या पंगतीत. गावचा उंदीर पाहुण्यापुढे साठवलेले हरभरे ठेवतो, तोंडात धरून बेदाणा आणतो, खारवलेल्या मांसाचे कुरतडलेले तुकडे आणतो. पाहुणा नाक मुरडत एकेक पदार्थ जेमतेम चाखतो. आणि यजमान ताज्या पेंढ्यावर पहुडून स्वतः जाडंभरडं धान्य खातो! चांगलंचुंगलं पाहुण्यासाठी. मला ही कविता याच जागी सर्वांत जास्त आवडते. शहरातल्या घरात मोलोसी (मोठ्या राखणदार जातीचे) कुत्रे भुंकतात तो प्रसंग त्यानंतरचा.

लगेच पुढची, सातवी वाचा. तिथे होरेसचा गुलाम दाव्हुस मालकाला तोंडावर सांगतो की रोममध्ये असलास की तुला गाव हवं असतं आणि गावी गेलास की शहराचे गोडवे गातोस. मग ‘एपिसल्स’, पहिलं पुस्तक, चौदावं पत्र. ते मळ्याच्या कारभाऱ्याला लिहिलंय. नांगरटीची, बैलांची कामं त्याच्या गळ्यात, म्हणून त्याला शहरातले खेळ, हमामखाने आणि गुत्ते आठवतात. कविता कुठलीही घ्या, बोलणारा कोण आणि राबणारा कोण हे गटाला विचाराच.

प्रतिसाद 2
वरच्याला अनुमोदन. होरेसच्याच ‘एपोड्स’ या संग्रहातली दुसरी कविताही घ्या. 70 ओळींपैकी 66 ओळी शेतीसुखाच्या, आणि मग कळतं की बोलणारा आल्फियुस नावाचा सावकार आहे. गावी जायचं म्हणून पैसा गोळा करतो आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा व्याजाने लावायला निघतो.

शहराच्या हालांबद्दल ज्यूवेनल या रोमन कवीची तिसरी सटायर. आगी, कोसळणारी घरं, रात्रभर गाड्यांचा खडखडाट. रोममध्ये झोप लागायलाही श्रीमंती लागते, असं तो म्हणतो. लांब आहे, निवडक वाचा.

प्रतिसाद 3
रोमन कवी व्हर्जिलची पहिली ‘एक्लॉग’ (गुराख्यांची कविता) कृपया सोडू नका. दोन गुराखी. तितिरुसची जमीन वाचली आहे, मेलिबेउसची सैनिकांना वाटण्यासाठी काढून घेतली आहे. तो शेळ्या हाकत निघालाय. नुकतीच व्यालेली एक शेळी चालत नाही, तिची जुळी करडं खडकावर मागे राहिलीत. शेवटी तितिरुस म्हणतो, आजची रात्र इथेच थांब. पिकलेली सफरचंदं आहेत, चेस्टनट आहेत, चीज आहे.

धागाकर्ती
मनापासून आभार. काल रात्री व्हर्जिल वाचला. त्या शेळीपाशी थांबले, पुढे वाचवेना. सुरुवात उंदरांपासून आणि शेवट मेलिबेउसवर, असं ठरवलंय. ज्यूवेनलच्या फक्त रात्रीच्या गाड्यांच्या ओळी घेईन.