मदत हवी आहे: पाणकावळ्याची खाडीपट्ट्यातली नावे

पाणकावळ्याचे इंग्रजी नाव 'कॉर्मोरंट'. हा शब्द लॅटिन 'कॉर्वस मरिनस'वरून, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. अर्थ, समुद्री कावळा. आपला 'पाणकावळा' त्याच्याशी इतका जुळतो, की भाषांतर वाटावे! पण काळाकुट्ट, पाण्यात बुडी मारणारा पक्षी बघून कावळाच आठवणार, त्यासाठी लॅटिन कशाला?

दाभोळ, जयगड, कर्ली, तेरेखोल या खाड्यांकाठी कोळी, गाबीत, दालदी ही मच्छीमार मंडळी याला काय म्हणतात? मालवणीत 'पाणकावळो' सोडून वेगळा शब्द आहे का?

नाव कळवताना पक्षी नेमका कोणता तेही लिहा, कारण घोटाळा तिथेच होतो. छोटा पाणकावळा साधारण ५० सेंटीमीटरचा, चोच आखूड. भारतीय पाणकावळा ६३ च्या आसपास, चोच लांब, सडपातळ, डोळा निळा-हिरवा. दोघांच्याही चोचीचे टोक आकडीसारखे वळलेले. टोक भाल्यासारखे सरळ आणि मान सापासारखी असेल तर तो तिरंदाज. पंख पसरून वाळवत तोही बसतो, म्हणून त्यालाही सर्रास पाणकावळा म्हटले जाते.

सुकतीला (ओहोटीला) जाळ्याच्या खुंटावर बसलेला दिसला तर चोचीचा फोटो बाजूने घ्या. बोय (खाडीतला मासा) पकडली की तो डोक्याकडून गिळतो, म्हणजे काटे मागे दुमडतात. तेवढा वेळ चोच नीट दिसते.

गाव, खाडी आणि शब्दाचा उच्चार जसाच्या तसा हवा. प्रमाण मराठीत सुधारू नका.