दुबईला बाळंतपणासाठी निघालेल्या आईच्या सामानाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अमळनेरचे. धाकट्या बहिणीचं बाळंतपण दुबईत आहे, म्हणून आई-आप्पा पुढच्या महिन्यात निघालेत. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. व्हिसा, परतीचं तिकीट झालं, अडलंय सामानापाशी.

आईनं लाडवांसाठी डिंक, खारीक, गोडंबी, खोबरं, खसखस आणून ठेवलीय. बहिणीची शेजारीण म्हणाली, खसखस आणूच नका. शोधलं तर खरंच, अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सौदी आणि सिंगापुरातही. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात अफूच्या बोंडातलं बी, म्हणजेच खसखस, वगळलंय, म्हणून इथे ती किराणा दुकानात उघड मिळते. आईला कसं पटणार? "मंग पोरले काय लई जाऊ मी?" एवढंच म्हणाली नि गप्प बसली.

लाडू खसखशीविना करू. पण उन्हाळ्यात करून ठेवलेल्या काळ्या मसाल्यात ती भाजून घातलीय. थोडीशी असली तरी धोका आहे का? खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत, त्या तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मग लाडवातल्या भाजलेल्या किसाचं काय?

खरी काळजी आप्पांची. शुगरमुळे त्यांच्या पायांची आग होते, रोज रात्री प्रेगाबालिनची गोळी लागते. ती तिकडे नियंत्रित औषधांत येते, तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते. आमच्या चिठ्ठीवर फक्त कंपनीचं नाव आहे. नवी लिहून घेऊ का? अर्ज मी इथून भरू की बहिणीनं तिथून? एक गोळी चुकली तरी ते रात्रभर बसून असतात, त्यामुळे बंद करा म्हणायची सोय नाही.

प्रतिसाद: जुना मसाला नेऊच नका, त्यातली खसखस काही वेगळी काढता येत नाही. नवा करा, पण कांडपावर नको. आधीच्या गिऱ्हाइकाची खसखस तुमच्यात येते. घरच्या मिक्सरवर करा. किसाचं विमान कंपनीला विचारून घ्या. चिठ्ठी नवीच घ्या: औषधाचं मूळ नाव, मात्रा, किती दिवसांची, आजार काय, डॉक्टरांचा सही-शिक्का. गोळ्या मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत.

धागाकर्ता: कांडपाचं डोक्यातच आलं नव्हतं, आईला लगेच सांगितलं. आज संध्याकाळी डॉक्टरांकडे जातोय. औषधाच्या परवानगीचा अर्ज कोणी इथून भरला असेल, तर कागद कोणते जोडले ते कृपया लिहा.