बंदरात बोटीला बोट किती बांधावी? संख्येची मर्यादा हवी की नको?

मिऱ्याकिनारा

रत्नागिरी जिल्ह्यातले मिरकरवाडा, साखरी नाटे किंवा मुंबईचा ससून डॉक, कुठेही भर हंगामात गेले तरी धक्क्याला लागलेल्या पहिल्या बोटीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशा पाच-सहा बोटी एकमेकींना बांधलेल्या आढळतात. सर्वांत बाहेरची बोट धक्क्याला बांधलेली नसतेच, ती शेजारच्या बोटीच्या भरवशावर उभी असते. माझे मत असे आहे की, सार्वजनिक मासेमारी बंदरात तीनपेक्षा अधिक बोटी शेजारी-शेजारी बांधण्यास स्पष्ट मनाई असावी, प्रत्येक बोटीचा निदान एक पुढचा आणि एक मागचा दोर थेट धक्क्यावरच्या खुंटाला गेलेला असावा आणि दर काही रांगांनंतर बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवलेली असावी.

ही मागणी करताना माझ्यासमोर विशाखापट्टणमचे उदाहरण आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या मासेमारी बंदरात रात्री एका बोटीला आग लागली. ती बोट दोर सोडून पाण्यात ढकलण्यात आली, पण वारा आणि प्रवाह यांनी तिला पुन्हा धक्क्याकडेच आणले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. डिझेल, स्वयंपाकाचे सिलिंडर, जाळी आणि फायबर एकमेकांना खेटून असल्यावर पुढे काय होणार हे सांगायला नको. तीसहून अधिक बोटींची राख झाली. आपल्याकडची दाटी त्याहून वेगळी आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने कारणे द्यावीत.

पाजपंढरीकर

कारणे देतो. आपण धक्का गृहीत धरून नियम लिहीत आहात. दापोलीजवळच्या हर्णैला वर्षानुवर्षे बोटी समुद्रात नांगरून मासळी होड्यांनी आणि बैलगाड्यांनी वाळूवर आणली गेली. लिलाव वाळूवर आणि बोट लाटांवर, असाच तिथला व्यवहार. वादळाचा बावटा लागला की याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात आणि त्या खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळावर आपटून फुटल्याची उदाहरणेही आहेत. जिथे शिरायलाच जीव मुठीत धरावा लागतो, तिथे आत गेल्यावर चौथी बोट तिसरीला बांधू नये असे सांगणारा माणूस मला तरी समुद्रावरचा वाटत नाही. क्षमा असावी, पण हे स्पष्ट बोलणे भाग आहे.

आता धक्का आहे अशी बंदरे घेऊ. चौथ्या बोटीने जायचे कुठे, याचे उत्तर आपल्या प्रस्तावात नाही. ती बाहेर नांगरावर थांबली, तर भरलेल्या खणातला बर्फ वितळेपर्यंत थांबेल आणि तिच्या मालाचा भाव तेवढ्यात पडेल. शिवाय पहिल्या तीन जागा कोणाला मिळणार? मोठी पर्ससीन नौका (थव्याभोवती जाळे वेढून मासळी पकडणारी) आधी येऊन लांबच लांब जागा अडवील आणि एक-दोन सिलिंडरच्या इंजिनाची छोटी होडी नियमाच्या बाहेर राहील. आधी गाळ काढा, धक्क्याची लांबी वाढवा आणि मग संख्या ठरवा.

दोर_आणि_नांगर

दोघांचेही म्हणणे वाचले. माझ्या मते संख्येवर चाललेला हा वाद काहीसा आडवळणाचा आहे, कारण बोटी फुटतात त्या बहुतेक वेळा दोर चुकीचा असल्यामुळे.

भरतीच्या वेळी आखडून बांधलेली बोट ओहोटीला दोरावर लोंबकळते. सुकतीला, म्हणजे पाणी पूर्ण ओसरल्यावर, आखडून बांधलेली बोट भरतीत वर येताना स्वतःचाच खुंट उपटू पाहते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरांच्या पुढे जातो आणि रत्नागिरीकडे तो बराच कमी असला, तरी दोर हिशेबाने सैल सोडावाच लागतो. नुसता सैल सोडला, तर बोट पुढे-मागे धावून शेजारणीवर आदळते. म्हणून पुढच्या-मागच्या दोरांशिवाय दोन लांब तिरके दोर लागतात, एक नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, मागे जाणारा आणि दुसरा मागच्या टोकाकडून पुढे येणारा. बोट त्यांच्यावर वर-खाली होते, पण जागा सोडत नाही. आपल्याकडे हे तिरके दोर फारच थोडे लोक लावतात.

दुसरी गोष्ट दोराच्या जातीची. नायलॉनचा दोर ताणतो आणि हिसका पोटात घेतो. पॉलिप्रॉपिलिनचा दोर स्वस्त पडतो, म्हणून सर्वत्र तोच दिसतो. मात्र तो उन्हाने कडक होऊन तुटतो आणि पाण्यावर तरंगत असल्याने दुसऱ्या बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकतो. नांगरावर उभ्या बोटींचेही तेच. साखळी असेल तर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट ते पाचपट आणि नुसता दोर असेल तर सातपटीपर्यंत लांबी सोडावी, हा जगभरचा ढोबळ हिशेब आहे, पण दाटीच्या खाडीत तेवढी सोडली, तर बोट गोल फिरून शेजाऱ्याला धडकते. तेव्हा नियमात संख्या घालण्याआधी दोराची जात, जाडी, सैलपणा आणि दोन बोटींमधले टायर या गोष्टी याव्यात.

मिऱ्याकिनारा यांच्या प्रस्तावातली एक अडचणही नोंदवतो. तिसऱ्या बोटीचे दोर पहिल्या दोन बोटींच्या पुढून-मागून धक्क्याला नेले की आतली बोट त्या दोरांच्या जाळ्यात बंद होते. वादळात हे उत्तमच, परंतु आगीत घातक.

देवगडकर

चर्चेत एक गोष्ट अद्याप आलेली नाही. देवगड हे नैसर्गिक आडोशाचे बंदर आहे आणि हवामानाचा इशारा आला की गुजरात, कर्नाटक, तामिळनाडूपर्यंतच्या बोटी येथे आश्रयाला येतात. त्या वेळी तीनची मर्यादा कोण आणि कशी पाळणार? आश्रयाला आलेल्या बोटीला बंदराबाहेर काढणे ही समुद्रावरची रीत नव्हे आणि तसा नियम कोणी लिहिला, तरी येथील माणसे तो पाळणार नाहीत.

मात्र म्हणून नियमच नको, हेही मला पटत नाही. आश्रयाच्या दिवसांसाठी स्वतंत्र तरतूद असावी. बाहेरच्या बोटी खाडीत कोणत्या भागात नांगरायच्या आणि मधला जलमार्ग कुठपर्यंत मोकळा ठेवायचा, हे आधीच ठरवून बोयांनी (पाण्यावर तरंगत्या खुणांनी) दाखवलेले असावे. भरकटणारे एखादे जहाजही किती नुकसान करू शकते, हे आपण 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळात पाहिले. तेव्हा ‘बसरा स्टार’ भरकटून रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर आदळले आणि वर्षानुवर्षे तिथेच अडकून पडले. ते एखाद्या दाट भरलेल्या बंदरात शिरले असते, तर काय झाले असते?

मिऱ्याकिनारा

देवगडकरांची आश्रयाची तरतूद मला मान्य आहे. ती माझ्या मूळ मागणीच्या विरोधात जात नाही. पाजपंढरीकरांनी मात्र ‘आधी धक्का, मग नियम’ असा जो क्रम लावला आहे, तो मला धोकादायक वाटतो, कारण धक्का होईपर्यंत आग थांबून राहत नाही. छोट्या होड्यांची भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे माल उतरवण्यासाठी लागणारी जागा आणि विश्रांतीची जागा वेगळी करणे. उतरवण्याच्या धक्क्यावर कोणीही ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबू नये. रिकामी झालेली पर्ससीन नौका तिथेच रात्रभर उभी राहते, म्हणूनच छोट्यांना जागा मिळत नाही.

भाट्येकाठ

बोटीवर रात्री माणूस असतो का, हा माझा प्रश्न आहे. रत्नागिरीकडच्या बोटींवर नेपाळमधले खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. हंगामात ते बोटीवरच झोपतात, त्यामुळे दोर सोडायला, आखडायला, आग दिसली तर ओरडायला कोणीतरी असते. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ते गावी जातात. छोट्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, पण मोठ्या बोटी खाडीत पाण्यावरच राहतात, तेही भर पावसाळ्यात. त्या 61 दिवसांत दर काही बोटींमागे एक राखणदार सक्तीचा करावा, त्याला कोणाचाही दोर सैल करण्याचा किंवा कापण्याचा लेखी अधिकार द्यावा आणि खर्च मालकांनी बोटीच्या आकारानुसार वाटून घ्यावा.

पाजपंढरीकर

राखणदाराला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि आकारानुसार खर्च ही अटही रास्त आहे. संख्येच्या मर्यादेला असलेला विरोध मी मागे घेत नाही. राखणदाराने दोर कापल्यावर ती बोट वाहत जाऊन खडकावर फुटली, तर भरपाई कोणी द्यायची, हे भाट्येकाठ यांनी लिहिलेले नाही. विशाखापट्टणममध्ये सोडलेली बोट परत धक्क्यालाच आली, हे वर मिऱ्याकिनारा यांनीच सांगितले आहे. तेव्हा नुसता कापण्याचा अधिकार पुरेसा नाही. पेटलेली बोट ओढून बाहेर नेणारी एक गस्तीची नौका बंदरात कायम तयार ठेवावी लागेल, आणि तिचे डिझेल आमच्या वर्गणीतून येणार नाही.

दोर_आणि_नांगर

ओढण्यासाठी निदान बोटीच्या नाळेवर एक मजबूत दोर कायम बांधून बाहेर लोंबता ठेवा. मोठ्या टँकरांवर बंदरात असताना याच कारणासाठी तारेचे दोर असे सोडून ठेवण्याची पद्धत होती. जळत्या बोटीवर चढून खुंट शोधायला कोणी जाणार नाही.