नेट लाइफ सायन्सेस: नुसते जुने पेपर सोडवून भागतं का?

रेणूवेडी:
कालच्या धाग्यात एका महाशयांनी लिहिलंय, "दहा वर्षांचे पेपर तीनदा सोडवा, जाडी पुस्तकं रद्दीत घाला, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) कुठे जात नाही." वाचून डोकंच उठलं. मी नेटच्या, म्हणजे संशोधन आणि कॉलेजातल्या शिकवणीसाठीच्या परीक्षेच्या, मुलांना शिकवते, हा सल्ला ऐकून आलेली पोरं रोज बघते. परवा साधा लॅक ऑपेरॉन दिला, म्हणजे बॅक्टेरियातली लॅक्टोज पचवणारी जीन्स आणि त्यांचं बटण. आय हा बटण बंद करणाऱ्या रिप्रेसरचा जीन, ओ म्हणजे तो रिप्रेसर बसतो ती जागा (ऑपरेटर), झेड हा बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचा जीन; प्लस म्हणजे धड, मायनस म्हणजे बिघडलेला, ओसी म्हणजे रिप्रेसर बसूच शकत नाही असा ओ. क्रोमोसोमवर आय प्लस, ओसी, झेड मायनस; प्लास्मिडवर (डीएनएच्या वेगळ्या छोट्या कड्यावर) आय मायनस, ओ प्लस, झेड प्लस. बीटा-गॅलॅक्टोसिडेज कधी बनेल? ओसी दिसल्या दिसल्या अर्ध्या वर्गाने "कायम" ठोकलं, कारण जुन्या पेपरात तसं उत्तर होतं. अरे पण ओसी फक्त स्वतःच्या डीएनएवरच्या जीनला मोकाट सोडतो आणि तिथला झेड मेलेलाय! चांगला झेड प्लास्मिडवर, तिथल्या ऑपरेटरवर क्रोमोसोमवाला रिप्रेसर येऊन बसणार, लॅक्टोज आलं की सुटणार, म्हणजे एन्झाइम लॅक्टोज असेल तरच. एक चिन्ह बदललं की पाठांतर आडवं.

सोडवा_राव:
ते महाशय मीच, नमस्कार. मॅडम तुमचा दिवसच त्यात जातो. मी फार्मा कंपनीत क्यूसीला (माल तपासायला), शिफ्ट संपली की चाकणहून बसमध्ये मोबाइलवर होतील तेवढे प्रश्न करतो. आधी एन्झाइम्स संपवू मग प्रश्न, असं करत बसलो होतो, एन्झाइम्स काही संपले नाहीत. नेटच्या पार्ट सीमध्ये 75 प्रश्नांपैकी 25च सोडवायचेत, 4-4 मार्कांचे. कुठले 50 सोडायचे हे तुमच्या कुठल्या पुस्तकात दिलंय?

खडूस_बोका:
पेपर सोडवा ठीक, पण उत्तरं कुणाची तपासणार? माझ्याकडच्या गाईडमध्ये एका ग्लुकोजचे अजून 38 एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) आहेत. 38! कुठल्या जमान्यात छापतात हे लोक?

निवृत्त_गुरुजी:
38 शिकूनच दोन पिढ्या पीएचडी झाल्या. तुम्ही लोक कधी 30 म्हणता कधी 32, आधी एक काय ते ठरवा.

खडूस_बोका:
ठरलंय. सायटोसोलमधल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेरच्या, एनएडीएचचे (इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या रेणूचे) इलेक्ट्रॉन मॅलेट-अ‍ॅस्पार्टेट शटलच्या वाटेने मायटोकॉन्ड्रियात गेले तर 32, ग्लिसरॉल फॉस्फेटने गेले तर 30. एका एनएडीएचमागे 10 प्रोटॉन बाहेर, एक एटीपी बनवून मायटोकॉन्ड्रियाबाहेर काढायला साधारण 4 लागतात, भागाकार करा, 2.5 येतात. जुने 3 कुठून आणणार? इंटर्नलला हेच मांडलं तर मार्क कापला, कारण काय तर "सिलॅबसमध्ये 38 आहे".

निवृत्त_गुरुजी:
एका मार्कासाठी अजून रडताय? आमच्या वेळी परीक्षकाशी वाद घालायची हिंमत नव्हती कुणाची.

खडूस_बोका:
म्हणूनच 38 टिकले.

कोकणचा_मेवा:
धागा कशावर, चाललंय काय! मी गोव्यातून सेट (राज्य पातळीवरची परीक्षा) दिली. सेटला निगेटिव्ह मार्किंग नाही, पेपर दोनचे 100च्या 100 गोल काळे करून यायचं. तिथे रावांचा फॉर्म्युला चालून जाईल. नेटला चुकलं की कापतात, तिथे असं अर्धवट आठवणारं फार महागात पडतं.

सोडवा_राव:
अर्धवट कुठे? इनहिबिशनच्या, म्हणजे एन्झाइम अडवण्याच्या, लाइनविव्हर-बर्क ग्राफवर (एन्झाइमच्या वेगाचा उलटा आलेख) इतके प्रश्न केलेत की रेषा समांतर दिसल्या की अनकॉम्पिटिटिव्ह (अडवणारा रेणू एन्झाइम-सब्सट्रेट जोडीलाच चिकटतो तो प्रकार), बघायलाही लागत नाही.

रेणूवेडी:
समांतर का, ते सांगा.

सोडवा_राव:
केएम (अर्ध्या वेगाला लागणारं सब्सट्रेट) आणि व्हीमॅक्स (कमाल वेग) दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, स्लोप म्हणजे त्यांचाच भागाकार, तो तसाच राहतो. प्रश्न चुकल्यावर खालचं स्पष्टीकरण वाचलं होतं. झालं समाधान? पुस्तक न उघडता कळलं हो.

रेणूवेडी:
म्हणजे वाचलंतच ना, पुस्तकाऐवजी स्पष्टीकरण! बरं, 25 निवडायला सराव लागतो एवढं मान्य, त्यापुढे नाही. बाकीचे तीन पर्याय का चुकीचे ते वहीत लिहीत जा.

सोडवा_राव:
चाकणच्या बसमध्ये उभ्याने वही धरून दाखवा, लगेच सुरू करतो.

निवृत्त_गुरुजी:
त्या 32 मध्ये जीटीपी (एटीपीचाच भाऊ) धरलेत का?

खडूस_बोका:
धरलेत. एनएडीएचचे 25, तसाच इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या एफएडीएच2चे 3, ग्लायकोलिसिसमध्ये थेट मिळालेले 2 आणि जीटीपीचे 2. मोजा निवांत, आज पेपर नाहीये.